टॉकीजचं मागचं दार

सिनेमा पाहून बाहेर पडणारा माणूस हा आत गेलेला माणूस नसतो, असं वाक्य मी एकदा लिहिलं होतं. अमरावतीच्या एका दैनिकात मी दर शनिवारी सिनेमाचं परीक्षण लिहीत असे. वाक्य मला इतकं आवडलं की ज्यांच्या दारातून माणसं बाहेर पडत, त्या काकांना मी ते मुद्दाम वाचून दाखवलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर हाय. आत जातानी त्याले मुतायची घाई नसते."

राजापेठेच्या पुढे एक जुनं टॉकीज होतं. तिथे काका मागच्या दारावर असत. तिकीट फाडून आत सोडणारा माणूस पुढच्या दारावर. त्याचा रुबाब वेगळा. काकांकडे फक्त बाहेर सोडण्याचं काम. तीसेक वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. शेवटची दहा मिनिटं ते बाहेरच्या बोळीत, बंद दाराच्या फळीवर उजवा तळहात टेकवून उभे असत. वैद्यानं नाडी धरावी तसे. मधेच म्हणत, "रडून राहिले." किंवा, "अर्धे झोपले, बाकीचे मोबाइलवर हायेत." दार उघडलं की ते खरं निघे.

"फळीतून कळतं?" मी विचारलं.

"फळीतून काय कळते! आवाज येते ना."

पण आवाज नसतानाही हात तिथेच असे.

तुम्हीही टॉकीजबाहेर उभं राहून पाहिलं असेल. बाहेर येणारे लोक उन्हात डोळे मिचकावतात, उगाच घड्याळ पाहतात, आपली गाडी कुठे लावली ते क्षणभर विसरतात. आपण त्यांचे चेहरे पाहतो. काका खाली पाहत. "चेहरा लबाड असते, पेपरवाले. चप्पल पाहाव." आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस खुर्चीत बसला की पहिल्यांदा चपला काढतो. सिनेमा रडका असला तर लोक चपला फार वेळ शोधतात. तेवढीच मान खाली घालायला सोय. विनोदी असला तर दुसऱ्याच्या घालून येतात आणि बोळीच्या तोंडाशी लक्षात येतं. देशासाठी मरायचा सिनेमा असला तर छाती पुढे आणि एक चप्पल अर्धी पायात. भुताचा असला तर मध्यंतरापासूनच चपला पायात असतात.

"मंग भुताचे लोक सगळ्यात जास्त भेलेले?" मी माझी वऱ्हाडी चालवून पाहिली.

"नाही ना बावा. ते तर सगळ्यात जास्त हासतेत बाहेर येऊन. एकमेकाले ढुसण्या देतेत. तिकीट काढून घेतलेलं भेव हाय ते. दारातच उतरते."

माझ्या परीक्षणांतली जी वाक्यं लोकांना आवडली, ती बहुतेक या चपलांवरून आलेली होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. दार ते एकदम उघडत नसत. अर्धं उघडून हात आडवा धरत आणि लोकांना चार-चार, पाच-पाच असे सोडत. म्हणत, "सावकाश. घर आठवू द्या आधी." मला यात मोठं तत्त्वज्ञान दिसलं. स्वप्नातून संसारात परतणाऱ्या माणसाला उंबरठ्यावर क्षणभर थांबवणारा द्वारपाल, वगैरे. कॉलेजच्या पोरांना तसं काही दिसत नसे. "काका, घर नका आठवून देऊ. बाप आठवते," असं म्हणून ती हाताखालून निसटत. काका हसत नसत. ते त्या पोरांच्या पाठीकडे बघत आणि मग मागच्या गर्दीकडे. त्यांच्या कपाळावर घाम असे. तो मी उन्हाचा समजत होतो.

अकोल्याची गोष्ट त्यांनी मला दोन वर्षांनी सांगितली. बोळीतल्या चहाच्या टपरीवर, दुपारी. सांगण्याआधी म्हणाले, "कोणी मेलं नाही, बरं का." ती गोष्ट ते नेहमी याच वाक्यानं सुरू करत असणार.

ते पंचविशीत असताना अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये याच कामावर होते. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली काकांच्या खिशात. एका दुपारी आत कुणीतरी आग लागली म्हणून ओरडलं. आग नव्हती, बिडीनं खुर्चीचा कापूस धुमसला होता. पण तीन-चारशे माणसं दारावर आली.

"मी बाहेर होतो. किल्ली हातात. आतून हात मारून राहिले होते, शंभर हात. आन मले भोक सापडेना. कुलपाचं भोक, पेपरवाले! रोज उघडत होतो मी ते कुलूप. हात असा..." त्यांनी चहाचा कप हातात धरून दाखवला. चहा टेबलावर सांडला. तो त्यांनी मुद्दाम सांडला नव्हता.

"किती वेळ?"

"लोक म्हनतेत दोन मिनिटं. लोक आत होते, त्यायले काय मालूम?"

दार उघडलं तेव्हा सगळ्यात पुढे एक बाई होती. तिची बरगडी मोडली होती. मागून रेटा आणि पुढे फळी. ती काकांकडे नुसती बघत राहिली. काकांनी महिन्याभरात अकोला सोडलं.

मग मला तो आडवा हात कळला आणि फळीवरचा तळहातही. त्यात तत्त्वज्ञान नव्हतं. भीती होती.

अमरावतीच्या दाराला आतून नुसता आडणा होता, लाकडी दांडा. ढकलला की निघे. पण ट्यूशन बुडवणारी पोरं मध्यंतरात याच दारानं फुकट आत घुसतात, असा शोध मॅनेजरला लागला. त्यानं दोन्ही फळ्यांवर बाहेरून लोखंडी कोयंडा ठोकवला, त्याला हातभर कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. शेवटच्या गाण्याला तो स्वतः येऊन उघडणार असं ठरलं. काकांनी त्याला अकोल्याची गोष्ट सांगितली.

"कोणी मेलं का?" मॅनेजरनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

 तीस वर्षं तेच वाक्य आधी सांगून काकांनी स्वतःची पंचाईत करून ठेवली होती. मी टॉकीजच्या मालकाशी बोलतो म्हणालो आणि बोललोही. मालक म्हणाले, "लिहा ना सुरक्षेवर एखादा लेख, छान होईल." मी तो लिहिला. तो छापून आला. कुलूप होतं तिथेच राहिलं.

पुढचे आठ-दहा दिवस काका दाराशी उभे असत, पण फळीवर हात दिसेना. दोन्ही हात खिशात.

मे महिन्यातला शुक्रवार, बाराचा शो. भुताचाच सिनेमा. मी मागच्या दाराजवळ बसलो होतो. हवा तिथे कमी येई, पण मला आता दुसरीकडे बसवत नसे. हॉल भरलेला. पडद्यावर एक बाई जिना उतरत होती आणि लोक दम धरून होते. तेवढ्यात भिंतीतल्या मोठ्या कूलरमधून धूर आला. आधी वास, मग काळा लोट. कूलरनं तो आपलं काम म्हणून सगळ्या हॉलभर फेकला.

पडद्यावरची बाई किंचाळली. त्या आवाजात हॉलमधली पहिली किंकाळी हरवली. मग कुणीतरी ओरडलं, "जळून राहिलं! पळा!" आणि माझ्या मागच्या सगळ्या रांगा उठल्या.

मी दाराशी पहिला पोचलो. याचा मला अभिमान नाही. आडणा काढला, ढकललं. दार हललं नाही. बाहेरचं कुलूप खडखडलं. मॅनेजर कुठे होता देव जाणे. तेवढ्यात पाठीवर माणसं आली. एक, मग दहा, मग मोजता येईनात. गाल फळीला चिकटला. छाती भरून श्वास घ्यायला जागा नव्हती. मला त्या बाईची बरगडी आठवली. खरं सांगायचं तर आपण इतकी परीक्षणं लिहिली, हेही आठवलं. इतक्या क्षुल्लक गोष्टीही त्या वेळी आठवतात.

बाहेरून, फळीच्या अगदी पलीकडून, काकांचा आवाज आला. "ढकला! जोरात ढकला! पक्कं नाही ते!"

मी ढकललं, म्हणजे माझ्यामागच्या दोनशे माणसांनी मला ढकललं. कट्कन आवाज झाला आणि कुलूप, कोयंडा, सगळं एका फळीवर लोंबकळत दार उघडलं.

आम्ही उन्हात पडलो. काका बाजूला भिंतीला पाठ लावून उभे होते आणि पडलेल्यांना काखेत धरून उठवत होते. या वेळी त्यांनी हात आडवा धरला नाही. बोळीतली फरशी तव्यासारखी तापलेली. भुताचा सिनेमा, मध्यंतर होऊन गेलेलं, पण जवळजवळ कुणाच्याच पायात चपला नव्हत्या. पळताना तिथेच सुटल्या होत्या. शेकडो माणसं अनवाणी, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी होती. कुणी हसलं नाही. कुणी कुणाला ढुसणी दिली नाही. एक बाई सारखी विचारत होती, "झालं का? झालं का?" आणि काका तिला सांगत होते, "झालं माय. बाहेर आली तू. हे बाहेर हाय."

कूलरची मोटर जळाली होती. बाकी काही नाही. दोघातिघांना खरचटलं.

गर्दी पांगल्यावर काकांनी मला कोयंडा दाखवला. एका बाजूचे स्क्रू निम्मे कापलेले होते आणि भोकांत कपडे धुण्याचा साबण भरलेला होता. मॅनेजर रोज कुलूप ओढून पाहत असे. कुलूप पक्कंच होतं. कोयंडा कशावर उभा आहे, हे कोण पाहतं?

"आठ दिवस झोप नाही," काका म्हणाले. "वाटे, साबण वाळला आन पक्का झाला तर? रोज सकाळी ओला करो."

मी म्हणालो, हे मी लिहितो.

त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार, मे महिन्यात. "लिहू नोका. मालकाचा इचार नाही मले. पर असं करनारा मी एकलाच नाही हो. तुमी लिहिलं का साऱ्या टॉकीजचे कोयंडे तपासतीन."

म्हणून तेव्हा लिहिलं नाही. आमच्या दैनिकात 'व्यवस्थापनाच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला' अशी बातमी आली. एका मंडळानं मालकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्यात प्रेक्षकांची सुरक्षा या विषयावर पाऊण तास भाषणं झाली. काकांना त्याआधीच काढून टाकलं होतं. कारण, दाराची नासधूस.

ते अकोल्याला, बाळापूरच्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलीकडे गेले. मी वर्षातून एकदा जात असे. गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा ते नव्हते. जाऊन पंधरा दिवस झाले होते. मुलगी म्हणाली, दवाखान्यात खिडकीजवळची चांगली खाट मिळत होती, बाबांनी भांडून दाराजवळची घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागे, तरी.

आमच्या भागातली जुनी टॉकीजं आता बंद झाली आहेत. त्यामुळे कोयंड्यांचं लिहायला हरकत नाही. काकांच्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालं. मागच्या महिन्यात तिथे एका लग्नाला गेलो होतो. आत मंडप, पडदे, वरती झुंबरं, कोपऱ्यात धगधगणाऱ्या भट्ट्या. अक्षता पडल्यावर मी आधी मागे गेलो. दार तेच आहे, रंग नवा. बाहेरून कुलूप. कोयंडा हलवून पाहिला. स्क्रू पक्के होते.

तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं. तो म्हणाला, "न बोलावलेले लोक मागून घुसतेत आन जेवून जातेत, साहेब."

न बोलावलेले लोक त्या लग्नातही होते. ते पुढच्या दारानं आले होते.