स्क्रीन भरून

ताईच्या लग्नाची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून आणली होती. ती तिच्या फोनवर नीट चालावी म्हणून मी सेटिंग लावत बसलो होतो. फाइल जड असली की फोनवर चित्र अडखळतं, म्हणून साइज कमी केली. शेजारी बसलेली ताई म्हणाली, "त्या काळ्या पट्ट्याही काढ रे. फोन उभा धरला तरी स्क्रीन भरून दिसू दे."

उभी स्क्रीन भरायची तर चित्राच्या दोन्ही बाजू कापाव्या लागतात. मधोमध पाटावर हळदीने माखलेली ताई होती, भोवती सुवासिनी. आणि अगदी डावीकडे, दाराच्या चौकटीला टेकून आमची विधवा काकू. हळकुंडं तिनेच कुटली होती. हळद लावायला मात्र तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"कापलं तर काकू जाते," मी म्हणालो.

"कडेलाच तर आहे ती," ताई म्हणाली आणि माऊस ओढून घेऊन तिनेच बटण दाबलं.

आधी माणसाला कडेला उभं करायचं आणि मग कडेलाच तर आहे म्हणायचं. ही रीत आमच्या घराला फार चांगली जमते. ती शिकवावी लागत नाही, सुधारावीशीही कुणाला वाटत नाही.

संध्याकाळी काकू आली. ताईने कौतुकाने फोन तिच्या हातात दिला. काकूने चष्मा पुसून सगळं शेवटपर्यंत पाहिलं. स्वतःला तिने शोधलंसुद्धा नाही.

"छान झालंय गं," ती म्हणाली. "कुठेच अडकत नाही."