डाळीच्या डब्यातलं 'नको'

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी लपवल्या. यजमानांपासून साड्या, डॉक्टरांपासून लोणचं, सुनेपासून तिनंच दडवलेला गोडाचा डबा. पण सगळ्यांत मूर्खपणानं लपवलं ते एक चित्र. दोन बोटं रुंद, लॅमिनेशन केलेलं, त्यावर लाल तळहात. माझ्या नातीचं, मनूचं, 'नको'. मनू तेव्हा अकरा वर्षांची. तिला बोलता येत नाही, लिहितावाचता येत नाही; तिचं बोलणं म्हणजे गळ्यात अडकवलेली चित्रांची वही. पाणी हवं की पाण्याचं चित्र वेलक्रोवरून फर्रकन ओढायचं आणि समोरच्याच्या हातात ठेवायचं. त्या वहीतलं 'नको' काढून मी हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात तळाशी पुरलं. आणि हे करणारी बाई अडाणी नव्हती बरं! तीस वर्षं पोरांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' करायला लावून मिळवलेली आदर्श शिक्षिकेची शाल कपाटात जपणारी विदुषी होती ती. आज भेटली तर बाकावर उभी करीन तिला.

मनूला वही दिली तिच्या शाळेतल्या बाईंनी. त्यांच्याइतकी रागीट बाई अख्ख्या हैदराबादेत नसेल. आमचा मे महिनासुद्धा त्यांच्यापुढे मवाळ. उंची बेताची, आवाज बेसुमार, आणि खांद्याला पोत्याएवढी झोळी. झोळीत जगातल्या सगळ्या वस्तूंची चित्रं: इडली, पंखा, संडास, 'डोकं दुखतंय', 'मला एकटं सोडा'. दिसेल त्याचा फोटो काढून लॅमिनेशन करायचं हा त्यांचा छंद. फाटकावर कोण बसतं ते मुलांना कळावं म्हणून त्यांनी शिपायाचा फोटो फाटकाला डकवला, तर तो बिचारा सकाळी हात जोडून उभा, "मॅडम, मैं अभी जिंदा हूँ!"

बाईंचं घराणं मराठीच, चार पिढ्या इथल्या. पण राग आला की मराठी मागे पडायची आणि दखनी पदर खोचून पुढे यायची. राग येण्याचं कारण एकच. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं, की संपलं. स्वतः प्रश्न विचारला की त्या हात पाठीमागे नेऊन बोटांवर दहा मोजत आणि सगळ्या जगानं तोवर गप्प बसावं अशी अपेक्षा ठेवत. एकदा आबिड्सच्या बेकरीत त्यांनी एका मुलीला "काय हवं?" विचारलं आणि मोजायला लागल्या. मागे ही रांग! एक सद्गृहस्थ म्हणाले, "कुछ भी दे देओ ना, इनकू क्या समझता?" बाई वळल्या. "आपकू क्या समझता, पहले वो देखते! ठैरो चुपचाप!" नवव्या बोटाला मुलीनं क्रीम बनवर बोट ठेवलं. बाईंनी त्या गृहस्थांनाही एक बन घ्यायला लावला.

मला ही सगळी थेरं वाटायची. 'नको' तर फारच उद्धट. मनू गरम दूध पाहिलं की लाल तळहात पुढे करायची. पुण्याहून नणंद आली, लाडानं गालगुच्चा घ्यायला वाकली, तर तिच्या हातातही 'नको'! नणंदबाईंचा चेहरा उतरला, माझी लाज गेली, आणि त्याच संध्याकाळी ते चित्र डाळीत गेलं. पुढचे सहा दिवस घर कसं शांत! मनू दूध प्यायची, म्हणजे मी पाजायची. "फार सुधारली हो," असं मी फोनवर सगळ्यांना सांगितलं.

सातव्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. मनूनं जेवणाचं ताट आयाच्या अंगावर भिरकावलं होतं आणि स्वतःचं मनगट रक्त येईपर्यंत चावलं होतं. मुख्याध्यापिका खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "मुलगी मारकी झालीय. यापुढे घरीच ठेवा." यापुढे! अकरा वर्षांच्या पोरीची शाळा एका वाक्यात संपली. आणि मनू तिथंच बसली होती, मनगटाला फडकं गुंडाळून. तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

आठवडाभराच्या रजेवरून त्याच दिवशी परतलेल्या बाई आत आल्या त्या वही उघडूनच. "कायकू घर पे रखना? मारकी नाही ती. सांगत होती, तिचं कुणी ऐकलं नाही." मग वहीतली रिकामी जागा माझ्यासमोर धरली. "आजी, 'नको' कुठंय?"

"पडलं असेल कुठंतरी," मी म्हणाले.

बाईंचे हात पाठीमागे गेले, बोटं मोजायला लागली. मेल्या पोरांना मी आयुष्यभर असं उभं केलं, पण उत्तराची वाट कधी पाहिली नाही. अशी वाट पाहिली जाते तेव्हा माणूस कसा सोलून निघतो ते मला त्या दिवशी कळलं. सातव्या बोटाला मी फुटले. "हरभऱ्याच्या डाळीत."

ताट भिरकावलं म्हणजे तोंडात काही दुखतंय, असं बाई म्हणाल्या, आणि त्याच दुपारी आम्ही कोठी भागातल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. मनूची दाढ मुळापर्यंत किडली होती. नणंद ज्याचा गालगुच्चा घ्यायला वाकली होती, त्याच गालातली. रोज मी त्या दाढेवर गरम दूध ओतत होते. त्या विदुषीचा मला अजून राग येतो. वय झालं म्हणून तो कमी होईल असं वाटलं होतं, होत नाही.

बाईंनी भांडून मनूला शाळेत ठेवलं आणि 'नको'ची पाच चित्रं करून दिली. एक आमच्या फ्रिजवर आहे, एक माझ्या पर्समध्ये.

गेल्या जूनमध्ये बाईंच्या यजमानांची बदली झाली. निरोप घ्यायला त्या बरकतपुऱ्याला आमच्या घरी आल्या. ऑटो खाली उभा, त्याचा हॉर्न वर ऐकू येतोय. बाईंनी मनूचा हात हातात घेतला, झोळीतलं 'जाते' हे चित्र दाखवलं. मनूनं वही उघडली, लाल तळहात काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. बाई चपला काढून पुन्हा खाली बसल्या. मला राहवेना. मी पुटपुटले, "सांगा ना तिला, लवकर परत येईन म्हणून."

त्या मला म्हणाल्या, "खोटं कायकू सांगू, आजी? तिनं नको म्हटलंय. ते ऐकून घेऊ द्या मला. ऑटोवाल्याला थांबू दे."