भोपळ्याला पहिला घाव

आमच्याकडे अख्खा तांबडा भोपळा बाईनं चिरायचा नाही. आधी घरातल्या पुरुषानं कोयता लावायचा, दोन फाकी करून द्यायच्या, आणि मग बिया काढणं, साल तासणं, किसणं, थापणं, भाजणं हे सगळं बाईनं करायचं. का, असं विचारलं की बायका आवाज खाली आणून सांगायच्या, भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. आईनं थोरल्यावर शस्त्र धरायचं नसतं. मला उलटं विचारायची खोड फार. "मग बापानं धरलेलं चालतं होय?" असं मी म्हणायची आणि पाठीत एक बसायची.

आमच्या घरात बाप नव्हताच. मी तीन वर्षांची असताना तो तापानं गेला. सातारा जिल्ह्यात कृष्णेकाठी आमचं गाव, थोडी हळद, थोडा ऊस, एक म्हैस, आणि घरात आम्ही तिघं : आई, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा दादा आणि मी. वडील गेल्यापासून भोपळ्याला पहिला घाव दादाचा. तो त्याचं मोठं प्रस्थ करायचा. कोयत्याची धार अंगठ्यावर बघायचा, मला मागं सरकायला लावायचा, आणि एका घावात दोन फाकी झाल्या की मिशी नसलेल्या ओठावरून हात फिरवायचा. लढाई सुरू झाल्यावर गावात घरटी एक माणूस पलटणीत गेला. दादा सांगलीला हळद घालायला म्हणून गेला आणि भरती होऊन आला. आईनं दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी त्याला आवडतात म्हणून भोपळ्याची धपाटी केली.

ही धपाटी आमच्याकडे भोपळे उतरले की, म्हणजे भाद्रपद-आश्विनात व्हायची. भोपळा किसायचा, मीठ लावून घटकाभर ठेवायचा. त्याला पाणी सुटतं, त्याच पाण्यात पीठ मळायचं, वरून थेंब घालायचा नाही. ज्वारीचं पीठ, मूठभर हरभऱ्याचं, ठेचलेली हिरवी मिरची नि लसूण, तीळ, आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर. आई त्यात ओव्याची चार पानंही चिरून घालायची, त्या पानांचा वास म्हणजे आमच्या घराचा वास. ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, मधे बोटानं भोक पाडायचं, कडेनं करडईचं तेल सोडायचं. दादा ताट घ्यायचाच नाही. चुलीसमोर उकिडवा बसून तव्यावरचं उचलायचा आणि बोटं भाजली की आईच्या पदराला पुसायचा.

चव्वेचाळीस साली ज्येष्ठात तो शेवटचा रजेवर आला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं उकिरड्याच्या कडेला भोपळ्याच्या बिया टोकल्या. निघताना आईला म्हणाला, "दिवाळीला येतोच. भोपळा मीच चिरणार. दुसऱ्या कुणाला हात लावू दिऊ नगंस." मग तो बोटीत बसला आणि इटली नावाच्या देशात गेला, असं त्याच्या पत्रावरून गुरुजींनी सांगितलं.

वेल गोठ्याच्या छपरावर चढला. चार भोपळे धरले. तीन लहान होते, ते आईनं गावात देऊन टाकले. चौथा एवढा मोठा की तो तिला एकटीला उचलेना. आम्ही दोघींनी तो झोळीत घालून आणला आणि माजघराच्या कोपऱ्यात चुंबळीवर ठेवला. खालची बाजू सडू नये म्हणून आई त्याची कूस बदलायची. येता-जाता त्याच्यावरून हात फिरवायची आणि मला ऐकू जाईल असं बोलायची, "आता तिकडं थंडी पडली आसंल. आता त्यो रजेचा अर्ज करत आसंल." मला तेव्हा त्या भोपळ्याचा राग यायचा. मी घरात होते, माझ्यावरून कुणी हात फिरवत नव्हतं.

दिवाळी आली, गेली. तो आला नाही, पत्रही नाही. कार्तिकात मला हिवतापानं धरलं. लढाईपायी कोयनेल मिळत नव्हतं, काढ्यावर काढे चालले होते. तोंडाची चव गेली होती. भाकरी बघितली तरी मला उलटी यायची. आठ दिवस मी पेजेशिवाय काही घेतलं नाही, आणि नवव्या दिवशी मला धपाटी हवीशी वाटली. आजारी माणसाला हवंसं वाटलं की ते एकच वाटतं. मी हट्ट धरला. आई म्हणाली, "जरा दम काढ गं. दादा आला की..."

"तो काय येतोय!" मी म्हणाले. "मी मेले तरी चालंल तुला. भोपळा राहिला पाहिजे."

अकरा वर्षांची होते मी, ताप होता, हे सगळं खरं. तरी ते वाक्य माझंच.

शेजारची काकी तेव्हा काढा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आवं आक्का, आमच्या घरातल्यास्नी लावून दिऊ का? एक घाव घालून जातील." त्यात गैर काही नव्हतं. ज्या घरात माणूस नसे तिथं शेजारचा येऊन चिरून देई. पण आईचं तोंड एकदम घट्ट झालं. "माझ्या घरात पुरुष हाय," ती म्हणाली. "लांब हाय, एवढंच." परक्याला बोलवायचं म्हणजे आपलं घर बिनपुरुषाचं झालं असं कबूल करायचं, आणि ते ती मेली तरी करणार नव्हती.

काकी गेल्यावर तिनं कोयता काढला. मला अंथरुणातून उठवून भोपळ्याला कुंकू लावायला सांगितलं, कारण तिच्या हातानं ते चालत नव्हतं. मग हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि घाव घातला. कोयता मधेच अडकला. तिनं भोपळ्यावर गुडघा रोवून तो ओढून काढला, पुन्हा घातला. दादाला एक घाव लागायचा, तिला चार लागले. मी दोन धपाटी खाल्ली, लोण्याबरोबर. इतकी चव मला त्यानंतर कशालाच लागली नाही, हे सांगायलासुद्धा लाज वाटते. आईनं तुकडाही तोंडात घातला नाही.

आठ दिवसांनी सरकारी कागद आला. आमच्या गावाच्या नावाचं दुसरं एक गाव आहे, तिकडं भटकून आलेला. गुरुजींनी दारात उभं राहूनच तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, धीर धरा." पुढं काही सांगायची गरजच नव्हती.

दुखवट्याला बायका जमल्या. काकी मनानं वाईट नव्हती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती कुणाच्या तरी कानात म्हणाली, "भोपळ्याला सोता कोयता लावला गं तिनं. आठच दिस झालं." आईनं ते ऐकलं. मीही ऐकलं. राहिलेली अर्धी फाक आईनं त्याच संध्याकाळी नदीत सोडली.

त्या दिवसापासून तिनं धारेची वस्तू हातात धरली नाही. विळी मी ओढायची, कोयता मी धरायची, ऊस मी तोडायची. गवार, घेवडा ती हातानं मोडायची. कांदा दाराच्या फटीत घालून चेपायची. एकदा मी म्हटलं, "आई, असं कुठं असतं का?" ती शांतपणे म्हणाली, "मीच चिरलं त्याला." मला ओरडून सांगायचं होतं की तू नाही, मी, हट्ट माझा होता. पण ते ओठावर यायचं आणि तिथंच राहायचं. तिनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते, आणि भांडण मला जमत होतं.

चैत्रात गुरुजींनी आम्हाला इंग्रजी आकडे आणि महिन्यांची नावं शिकवली. मी हुशार होते आणि ते मला माहीत होतं. एक दिवस आई शेतात असताना मी ट्रंकेतून तो कागद काढला. बाकीचं काही कळलं नाही, पण तारीख कळली; त्या दिवशी ती कुणी विचारलीच नव्हती. महिना सप्टेंबर. मी कागद घेऊन पळत गुरुजींकडे गेले. त्यांनी गेल्या सालचं पंचांग काढलं, बोटानं ओळ धरली आणि म्हणाले, "तो गेला तेव्हा भाद्रपदातला वद्यपक्ष. पितृपंधरवडा चालू होता."

आणि भोपळा चिरला तो कार्तिकात! दोन महिने आधीच दादा गेला होता. आईच्या कोयत्यानं नाही, माझ्या हट्टानं नाही. मी इतकी पळाले की वाटेत माझी पाटी पडून फुटली, तरी थांबले नाही.

आई शेतातून येऊन उंबऱ्यावर पाणी पीत बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिला तारीख कळत नव्हती, तिथी कळत होती. मी बोटांवर मोजून दाखवलं : हा भाद्रपद, हा आश्विन, हा कार्तिक. तिनं मला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता ही मला जवळ घेईल.

"म्हंजी दिवाळीच्या आदीच?" तिनं विचारलं.

"दिवाळीच्या काय, दसऱ्याच्यासुद्धा आधी."

ती कोपऱ्यातल्या चुंबळीकडे बघत राहिली. "म्हंजी मी हितं थंडीचं बोलत व्हते तवा त्यो न्हवताच."

एवढा वेळ मी फक्त कोयत्याचा विचार केला होता.

मग तिनं आपल्याशीच तिथी मोजली आणि एकदम माझा हात धरला. "सर्वपित्रीच्या बी आदी?"

सर्वपित्री अमावास्येला आम्ही वडिलांच्या नावानं केळीचं पान वाढून कौलावर ठेवायचो. मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं, सुचलं नाही.

"म्हंजी त्यो बी आला आसंल त्या दिशी," आई म्हणाली. "येकच पान वाढलं व्हतं गं मी."

नवीन गेलेल्याला पहिल्या वर्षी पान वाढत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी तसं म्हणालेही. तिनं ऐकलं नाही. ती उठली, भर उन्हाची चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. चैत्रात भोपळा कुठला! नुसतीच धपाटी करणार होती. परसात जाऊन कोथिंबीर आणि ओव्याची पानं खुडून आणली.

"काय करतीस?" मी विचारलं.

"त्याला वाढती."

मी सवयीनं विळीकडे वळले, तर तिनं मला बाजूला सारलं. विळी स्वतः ओढली, पाय देऊन बसली आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा आपल्या हातानं पाला चिरू लागली. मला हवं होतं तेच झालं होतं. मी उंबऱ्यात उभी राहून रडत होते, आणि ती मान वर न करता चिरत होती, बारीक, त्याला आवडायचं तसं.