साहेबांचा डच ओव्हन

शिरूरजवळच्या एका फाउंड्रीत मी चौदा वर्षं तपासणीच्या टेबलावर आहे. साच्यातून निघालेल्या मालाला लहान हातोडीनं टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर भंगारात. अलीकडे आमच्याकडे बिडाची छोटी भांडीही ओततात. जाड बुडाची, जड झाकणाची, जेमतेम लिटरभराची. आम्ही त्यांना डबे म्हणतो.

आमच्या नव्या साहेबांना हे ठाऊक असायला हवं होतं. पण ते पुण्याहून यायचे, एसीत बसायचे आणि पाहुणे आले तरच खाली ओतकामाच्या शॉपमध्ये उतरायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांना चुलीवरच्या जेवणाची हौस आली. कुणाच्या घरी जायचं हेही त्यांनीच ठरवलं. रविवारी बायको आणि दोन मित्रांना घेऊन ते न्हावऱ्याला माझ्या दारात हजर. गाडीतून त्यांनी मोठ्या कौतुकानं काय काढलं, तर डबा. पुण्यातल्या भारी दुकानातला, वर परदेशी नावाचा कागद. त्यांनी झाकण उचलताच खालची आमच्या साच्याची खूण मला लांबूनच दिसली. मी सतरंजी अंथरली.

साहेब त्याला डच ओव्हन म्हणत होते. बीड उष्णता कशी धरून ठेवतं, वाफ आतल्या आत कशी मुरते, हे त्यांनी माझ्या बायकोला अर्धा तास समजावलं. तिनं बिडाच्या तव्यावर आजवर किती भाकरी भाजल्या असतील, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मित्र माना डोलावत फोटो काढत होते.

कोंबडी दीड किलो होती आणि आमच्या घरची पाच धरून खाणारे नऊ. डब्यात अर्धा किलो बसली. उरलेलीचं काय, असं बायकोनं विचारलं, तर म्हणाले, दुसऱ्या खेपेला करू. एक खेप दोन तासांची.

मग त्यांनी चुलीत बाभळीची लाकडं कोंबली. जाळ कमी करा, बीड एकदा तापलं की लवकर निवत नाही, असं बायको हळूच म्हणाली.

"वहिनी, हे साधं भांडं नाही," साहेब हसून म्हणाले. "तुम्हाला याची सवय नाही."

लाकूड ओढायला पुढे केलेला हात तिनं मागे घेतला.

थोड्या वेळात करपल्याचा वास सुटला. साहेबांनी झाकण काढलं आणि माठातल्या पाण्याचा तांब्या उचलला. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की काय होतं, हे मी चौदा वर्षं जाणतो. एक शब्द पुरला असता. पण सवय नाही म्हणे. मला बघायचंच होतं.

टण्कन आवाज झाला. डबा काठापासून बुडापर्यंत तडकला, मसाला विस्तवात गेला आणि वाफेचा लोट साहेबांच्या मनगटावर आला. बायकोनं त्यांचा हात धरून बादलीत बुडवला आणि आग थांबेपर्यंत सोडला नाही. मग काही न बोलता तिनं उरलेली कोंबडी पातेल्यात टाकून रस्सा केला. साहेबांनी डाव्या हातानं तीन भाकरी खाल्ल्या आणि चुलीची आच एकसारखी नसते, म्हणून भांडं फुटलं, असा निकाल दिला.

गाडी गेल्यावर बायकोनं मला विचारलं, "तुमाला ठाव व्हतं न्हवं, गार पाण्यानं तडकंल ते?"

मी व्हय म्हणालो. जरा हसलोही.

"भांडं गेलं चुलीत. मानसाचा हात पोळला आपल्या दारात. आन् तुमी बघत बसला."

ती उष्टी भांडी घासायला निघून गेली. साहेबांची हेटाळणी करण्यात मला जी मजा येत होती, ती तिथंच आंबली.

सोमवारी साहेब हाताला पट्टी बांधून टेबलापाशी आले. परदेशी मालही हल्ली बोगस निघतो, म्हणाले. मी सांगितलं, "साहेब, तो डबा आपलाच होता. मीच पास केलेला. दोष पाण्याचा. मी तवाच बोलायला पाहिजे व्हतं, बोललो न्हाई. चुकलं माझं."

"असं का," म्हणून ते वर निघून गेले. माझी चूक त्यांनी ऐकली, स्वतःची ऐकली की नाही कोण जाणे.

महिनाभरानं प्रत्येक डब्याच्या खोक्यात एक चिठ्ठी जाऊ लागली: तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये. मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की ही सूचना साहेबांच्या अभ्यासातून आली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.