हिसडलेला पदर

भर उन्हात एका बाईचा पदर हिसडण्याला मी विशीत शिस्त समजले होते. अजून कुठं सुकडीचा तो भाजल्या पिठाचा गुळमट वास आला की मला स्वतःचीच किळस येते. बेंबळीच्या वाटेवर दुष्काळी खडीचं काम चालू होतं. सातवी पास म्हणून साहेबांनी मला बायांच्या टोळीवर मुकादम केलं, तर मी दुसऱ्याच दिवसापासून हवालदारासारखी मान ताठ करून हिंडायला लागले. कामावर मिळणारी सुकडी तिथंच खायची, घरी न्यायची नाही, असा नियम होता. एका दुपारी माझ्या आईच्या वयाच्या बाईची ओटी फुगलेली दिसली. तिला सगळ्यांपुढं उभं करून, "सोड पदर, चोरटे," म्हणत मी हिसडा दिला. सुकडी फुफाट्यात सांडली. ती मातीसकट वेचत बसली आणि मी, महाशहाणी, बाकीच्यांना म्हणाले, "बघून ठेवा." दुसऱ्या दिवशी हातोडे उचलायचे म्हणून उचलले जात होते, खडीचा ढीग वाढेना. साहेबांनी बजावलं, असंच चाललं तर तुझी मुकादमी गेली. तेव्हा मी त्या बाईकडं गेले, तेही माफी मागायला नव्हे, तर तिनं बायांना समजवावं म्हणून. इतकी मी निर्लज्ज. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "सासू हातरुणात हाय, तिला नेत होते. बाजूला घेऊन इचारलं असतं, तर म्याच पदर सोडून दावला असता. आता माझ्या तोंडानं बायांला काय सांगायला लावताव?"