गिदोननं शिवलेला पट्टा

श्रीगोंद्यात घोड्यांचे साज शिवणारा गिदोन लई तापट, गिऱ्हाइकावरही खेकसायचा. पण बेचाळीस साली मानेत तार रुतलेली कुत्री दाराशी येऊन पडली, तेव्हा महिनाभर हळद-तेल लावून त्यानंच तिला उठवलं. शाळेतल्या मार्थाबाई तिला पाळायला न्यायला आल्या.

तेव्हा गावातली काही कुत्री पिसाळली होती. बिनपट्ट्याचं कुत्रं दिसेल तिथं मारायचा हुकूम होता. गिदोननं मऊ कातड्याचा पट्टा शिवला होता, पण बांधताच कुत्री कळवळली. त्यानं तो सोडला.

"जखम अजून ओली हाय, बाई. आठ दिस घरातच ठेवा. मग मीच येऊन बांधतो."

आठव्या दिवशी तो पट्टा घेऊन गेला, तर बाई उंबऱ्यावर रडत बसलेल्या. सकाळी दार उघडं दिसताच कुत्री गिदोनच्या दुकानाकडे पळाली होती. वाटेतच शिपायांनी तिला गोळी घातली.

पुरताना गिदोननं तिची मान चाचपली. जखम पुरती भरली होती.