भांडीबाजारातले रूळ

नाशकात त्या काळी ज्याच्या खिशात चार पैसे खुळखुळू लागत, त्याला पहिली खाज सुटे ती घराची भिंत फोडायची. १९३० नंतरची ती वर्षं. यात्रेकरू रामकुंडावरून परतताना भांडी घेत, म्हणून भांडीबाजारातल्या प्रत्येकाला आपल्या दुकानाचं तोंड रुंद हवं होतं. खालच्या भिंतीला भगदाड पाडायचं, वरच्या मजल्याची भिंत लोखंडी गर्डरवर तोलायची आणि खाली घागरींच्या उतरंडी मांडायच्या. मी पुण्याहून इंजिनियरिंग शिकून आलो होतो. वरची भिंत किती जड, खालचं तोंड किती रुंद, यावरून गर्डर केवढा लागेल ते मी काढून देत असे. गिऱ्हाईक माझा नकाशा कौतुकानं बघे, घडी घालून देवघरात ठेवी आणि काम गवंड्याला विचारून करी. गवंडी लोखंडावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून त्याची ताकद सांगे. सगळा आनंदच होता.

त्या सगळ्यांत मला एका शेटचा विशेष तिटकारा होता. पितळी भांड्यांचा व्यापारी. गादीवर लोड घेऊन बसायचा आणि माणूस समोर बोलत असताना काडीनं दात कोरायचा. खाली त्याचं दुकान, आणि वर एक म्हातारा मुसलमान रफूगार बायकोसह भाड्यानं राहत होता. रस्त्याकडच्या खिडकीत उजेडाला बसून तो लोकांच्या शाली, शेले, पैठण्या जोडून द्यायचा. फाटलं कुठं होतं ते नंतर मालकालाही सापडत नसे. त्याच खिडकीखालची भिंत शेटला फोडायची होती.

भिंत चांगली जाड होती, दोन्ही अंगांना विटा आणि मध्ये माती. दोन्ही अंगांखाली आधार हवा म्हणून मी दोन गर्डर शेजारी शेजारी, बोल्टांनी जखडलेले, असे काढून दिले. शेटनं नकाशा वरखाली केला.

"एवढं कशाला, साहेब? मनमाडहून भंगारातले रूळ आणतो. ज्या रुळावरून अख्खी आगगाडी जाते, त्याला माझी भिंत जड होणार?"

हा प्रश्न मला नाशकातल्या प्रत्येक शहाण्यानं विचारलेला होता. तरी मी त्याला समजावलं. रुळाखाली हात-दीड हातावर आडवा लाकडी स्लीपर असतो, तुमच्या रुळाखाली नुसती हवा असणार. त्याच्या गादीवरची फूटपट्टी उचलून मी ती आडवी वाकवून दाखवली. मग उभ्या कडेवर धरली, ती वाकेना. लोखंड नुसतं जड असून भागत नाही, त्याला उंची लागते. शेट दात कोरत बघत होता.

"म्हणजे भिंत पडेल म्हणता?"

"लगेच नाही पडणार. आधी रूळ मध्ये झोल खाईल. मग भिंत तिरकी चिरत वरच्या खिडकीपर्यंत जाईल. दोन-तीन महिने तग धरेल. पुढचं तुमचं नशीब."

"खिडकीपर्यंत?"

"खिडकीपर्यंत."

"बरं," म्हणाला, आणि रूळच घातले.

गाढवापुढे वाचली गीता! माझा संताप संताप झाला. वाचनालयाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी मी त्याची नक्कल करून दाखवत असे, काडीसकट. लोक पोट धरून हसत.

टेकू काढले आणि भिंतीनं माझी लाज राखली. पंधरवड्यात रूळ डोळ्यांना दिसेल इतका वाकला आणि चीर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत नेमकी खिडकीच्या कोपऱ्याला जाऊन टेकली. मला झालेला आनंद मी लपवला नाही. शेटनं बोलावणं धाडलं तेव्हा तर मी हवेत चालत गेलो.

"तुमचंच खरं झालं हो," तो हात जोडून म्हणाला. "आता वर चला आणि त्या म्हाताऱ्याला समजवा. धोका आहे म्हणून घसा फोडून सांगतोय, पण जागचा हलत नाही."

आम्ही वर गेलो. म्हाताऱ्यानं सुई शालीत टोचून ठेवली आणि मला बसायला सतरंजी दिली.

"शेटजी रोज बोलतात, भिंत पडेल, निघा," तो म्हणाला. "मी ऐकत नाही. त्यांना वर गोदाम करायचंय, मला मालूम आहे. पण साहेब, तुम्ही पढलेले. तुम्हाला खोटं बोलायची काय गरज? तुम्ही सांगा."

मी सांगितलं. चिरेत बोट घालून दाखवलं, रूळ कसा वाकतो ते दाखवलं, अगदी रंगून सांगितलं. त्यानं विचारलं, दुरुस्ती नाही का होत? मी म्हणालो, गर्डर घातले तर होईल. मागून शेट कळवळून म्हणाला, "गर्डर मुंबईहून यायचे. तोवर हे दोघं दबून मेले तर पाप कुणाच्या माथी?"

म्हाताऱ्याची बायको इतका वेळ दाराशी उभी होती. "मालेगावला माझा भाऊ आहे, विणकर," ती म्हणाली. "पण तिकडं कपडा फाटला तर लोक गाठ मारतात. रफू कोण करून घेतो?"

म्हाताऱ्यानं तिला हातानं थांबवलं. "साहेब बोलले ना. बस."

दोन दिवसांनी त्यांचं सामान बैलगाडीत चढलं.

पुढच्या आठवड्यात मी त्या रस्त्यानं गेलो तर भिंतीला पुन्हा टेकू लागलेले, आणि हमाल शेटच्याच मागच्या वखारीतून गर्डर उचलून आणत होते. दोन. अंगावर बऱ्याच दिवसांचा गंज चढलेला. बोल्टांची भोकं मी नकाशात काढली होती तिथंच.

"शेट, हे कधी आणलेत?"

"तुम्ही नकाशा दिलात ना, त्याच आठवड्यात." तो मनापासून हसला. "भाडं वाढवून बघितलं, भांडून बघितलं, म्हातारा हलेना. भिंत चिरायला हवी होती, पण पडायला नको, खाली माझा माल. तुम्ही म्हणालात खिडकीपर्यंत, तर खिडकीपर्यंतच! तुमच्या शब्दावर आपला पहिल्यापासून भरवसा."

अख्ख्या नाशकात माझी आकडेमोड कुणी अक्षर न् अक्षर खरी मानली असेल, तर या हरामखोरानं.

हमालांनी गर्डर वर चढवले. शेटनं तोंडातली काडी काढली आणि म्हणाला, "आलाच आहात तर बघून घ्या, नीट बसतायत ना?"

मी वाकून पाहिलं. नीट बसत होते.